७३ विजय, तरी चषक हुकला: बास्केटबॉलबद्दल वाचकांचे प्रश्न

गोल्डन स्टेट वॉरियर्स या तेव्हा ओकलंडमध्ये असलेल्या संघाने एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०१५-१६ च्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले. तो विक्रम आजही कायम आहे. पण त्याच संघाने क्लीव्हलंडविरुद्धच्या सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी घेऊन विजेतेपद गमावलं. या हंगामाबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न (नाशिक): एनबीएमध्ये ३० संघ आहेत. मग प्रत्येक संघाचे ८२ सामने कसे होतात? २९ प्रतिस्पर्ध्यांशी सारखे सामने खेळले तर हा आकडा येत नाही.

उत्तर: कारण सामने सारखे खेळलेच जात नाहीत. ३० संघ पूर्व आणि पश्चिम अशा १५-१५ च्या दोन कॉन्फरन्समध्ये विभागले आहेत. प्रत्येक कॉन्फरन्समध्ये ५-५ संघांच्या तीन डिव्हिजन असतात. वॉरियर्स पश्चिमेच्या पॅसिफिक डिव्हिजनमध्ये लेकर्स, क्लिपर्स, सन्स आणि किंग्ज यांच्याबरोबर होते. या चौघांशी प्रत्येकी ४, म्हणजे १६ सामने. पश्चिमेच्या उरलेल्या १० संघांपैकी सहांशी प्रत्येकी ४ (एकूण २४) आणि चौघांशी प्रत्येकी ३ (एकूण १२). पूर्वेच्या सगळ्या १५ संघांशी प्रत्येकी २, म्हणजे ३०. बेरीज ८२; त्यातले ४१ घरी आणि ४१ बाहेर.

त्या वर्षी साखळी फेरी २७ ऑक्टोबर २०१५ ते १३ एप्रिल २०१६ अशी १७० दिवस चालली. म्हणजे सरासरी दर दुसऱ्या दिवशी एक सामना, आणि त्यातच खंडभर विमानप्रवास. पुढची सगळी उत्तरं वाचताना हा वेग डोक्यात असू द्या.

प्रश्न (सातारा): सलग २४ सामने जिंकणारा संघ मिलवॉकीसारख्या मधल्या-खालच्या संघाकडून आणि लेकर्ससारख्या तळाच्या संघाकडून कसा हरला?

उत्तर: दोन्ही पराभवांची कारणं वेगळी आहेत.

मिलवॉकीचा पराभव वेळापत्रकाचा होता. सात सामन्यांच्या बाहेरच्या दौऱ्यातला तो शेवटचा सामना. आदल्याच रात्री, ११ डिसेंबरला, बॉस्टनमध्ये सामना बरोबरीत सुटून दोनदा जादा वेळ खेळावा लागला होता. जादा वेळ प्रत्येकी पाच मिनिटांचा असतो, आणि तो जवळपास सगळा मुख्य खेळाडूंच्याच पायांवर पडतो. वॉरियर्स १२४-११९ जिंकले, रात्रीच विमानाने निघाले आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा कोर्टवर उतरले. निकाल १०८-९५, मिलवॉकीच्या बाजूने. दमलेल्या संघाचा शॉट बहुधा आखूड पडतो, कारण लांबच्या शॉटचं बळ पायांतून येतं. आणि तोच संघ बचावात परत धावताना अर्धा सेकंद मागे राहतो. एवढा अर्धा सेकंद पुरतो.

लेकर्सचा पराभव (६ मार्च, ११२-९५) थ्री-पॉइंटरच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटच्या चढउताराचा. त्या दिवशी वॉरियर्सने ३० थ्री मारले आणि त्यातले फक्त ४ गेले. हंगामभर त्यांची थ्रीची टक्केवारी ४१.६ होती, त्या हिशेबाने १२ जायला हवे होते. आठ थ्री कमी म्हणजे २४ गुण कमी, आणि सामना गेला १७ गुणांनी. लांबून खेळणाऱ्या संघाच्या वाट्याला असा एखादा दिवस येणारच. लेकर्सने त्या हंगामात ८२ पैकी जेमतेम १७ सामने जिंकले, म्हणून तो निकाल जास्त खुपला.

जास्त बोलकी गोष्ट ही आहे की साखळीतले नऊही पराभव नऊ वेगवेगळ्या संघांकडून झाले आणि एकदाही सलग दोन सामने गेले नाहीत. कोणताही संघ त्यांना साखळीत दोनदा हरवू शकला नाही. याचा अर्थ तोवर त्यांच्या खेळावर कायमचा तोडगा कुणाला सापडला नव्हता, आणि सापडला तरी दुसऱ्या दिवशी तो वापरायला तोच प्रतिस्पर्धी समोर नसायचा.

प्रश्न (पुणे, शाळेच्या संघाच्या प्रशिक्षिका): वॉरियर्सच्या स्टेफ करीचे व्हिडिओ पाहून मुलं थेट अर्ध्या कोर्टाजवळून शॉट मारू लागली आहेत. ते चूक आहे हे त्यांना कसं पटवून द्यायचं?

उत्तर: आधी मुलांना करीचं गणित दाखवा, कारण त्याच्यासाठी तो शॉट चूक नव्हता. त्या हंगामात त्याने ८८६ थ्री मारले आणि ४०२ घातले. त्याआधीचा विक्रम त्याचाच होता, २८६ चा. ४०२ म्हणजे ४५.४ टक्के. एका प्रयत्नामागे तीन गुणांच्या हिशेबाने १.३६ गुण पडतात. दोन गुणांच्या शॉटमधून एवढंच मिळवायचं तर १०० पैकी ६८ शॉट घालावे लागतील. आता तुमच्या मुलांचा आकडा काढा. प्रत्येकाला तिथूनच ५० शॉट मारायला लावा आणि वहीत लिहा. ५० पैकी ७ गेले तर प्रयत्नामागे ०.४२ गुण. रिंगजवळचा साधा ले-अप निम्म्या वेळा गेला तरी १ गुण देतो. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा मुलांना जितका पटतो तितकं आपलं ओरडणं पटत नाही.

दुसरं कारण शरीराचं. एनबीएची थ्रीची रेषा समोरून ७.२४ मीटरवर असते, आपल्याकडे फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने ६.७५ मीटरवर. कमी ताकदीचं मूल तिथून मारतं तेव्हा बॉल कमरेपासून ढकलतं, कोपर बाहेर फेकतं, दोन्ही हातांनी जोर लावतं आणि पुढे झुकतं. मग बॉलची कमान चपटी होते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि ७ नंबरच्या बॉलचा सुमारे २४. बॉल ४५ अंशांच्या कोनाने खाली आला तर त्याला रिंगचं तोंड सुमारे ३२ सेंटिमीटर उघडं मिळतं. ३० अंशांनी आला तर साडेबावीस, म्हणजे बॉलपेक्षाही कमी. काठाला न लागता तो आत जाऊच शकत नाही. हे फळ्यावर काढून दाखवा.

सरावाचा क्रम असा ठेवा. रिंगपासून दीड मीटरवर एका हाताने शॉट, दुसरा हात बॉलला फक्त आधाराला. १० पैकी ७ गेले की अर्धा मीटर मागे. ५ च्या खाली आले की अर्धा मीटर पुढे. बॉल कमरेवरून सुटू लागला की टक्केवारी काहीही असो, तिथेच थांबवा. १२ वर्षांखालच्या मुलांना ५ नंबरचा बॉल द्या, मोठ्या मुलींना ६ नंबरचा. शाळेत सगळ्यांना ७ नंबरचाच बॉल देण्याची सवय फार नुकसान करते.

प्रश्न (अमरावती): वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन सामन्याला १४ गुणच करायचा. तरी जाणकार त्याला संघाचा कणा का म्हणतात?

उत्तर: गुण १४, पण त्याबरोबर सरासरी ९.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं) आणि ७.४ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटआधीचा पास). ६ फूट ६-७ इंच उंचीचा खेळाडू सेंटरच्या, म्हणजे रिंगखालच्या सर्वांत उंच खेळाडूच्या जागी उभा राहून हे करत होता. करी, क्ले थॉम्पसन, आंद्रे इगुडाला, हॅरिसन बार्न्स आणि सेंटरला ग्रीन ही त्यांची लहान चणीची पाच जणांची फळी प्रतिस्पर्ध्यांना सर्वांत जड जायची. ती चालायची ती पुढच्या डावावर, आणि तो डाव आपल्या तालुका पातळीच्या संघालाही शिकवता येतो.

करी बॉल घेऊन वर, कोर्टाच्या मध्यरेषेच्या बाजूला. ग्रीन येऊन त्याच्या बचावपटूला स्क्रीन लावतो, म्हणजे वाटेत उभा राहून त्याला अडवतो. करी नऊ मीटरवरूनही मारू शकतो, म्हणून दोन्ही बचावपटू त्याच्यावर धावतात. ग्रीन तेवढ्यात फ्री-थ्रो रेषेकडे सरकतो आणि करी त्याला पास देतो. आता पुढे चार हल्लेखोर आणि तीन बचावपटू. ग्रीनची नजर फक्त एकावर असते, रिंगखालच्या शेवटच्या बचावपटूवर. तो जागेवर थांबला तर ग्रीन दोन पावलांत ले-अप करतो. तो पुढे आला तर त्याच्या मागे बेसलाइनवर (रिंगमागच्या रेषेजवळ) उभ्या असलेल्या सहकाऱ्याला पास. कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत सरकला तर पास त्या कोपऱ्यात, मोकळ्या थ्रीसाठी.

सरावासाठी अर्ध्या कोर्टावर पाच विरुद्ध पाच उभे करा. दोन बचावपटू वर बॉलवाल्याला घेरून उभे, तिघे मागे. शिट्टी वाजली की वरचा पास देतो आणि पास मिळालेल्याने चार सेकंदांत निर्णय घ्यायचा. दहा वेळा झालं की जागा बदला. तीन चुका हमखास दिसतील. एक, वरचा खेळाडू घेराव पूर्ण होण्याआधीच ड्रिबल थांबवतो. मग दोघांपैकी एक जण परत फिरायला मोकळा. दोन, पास डोक्यावरून उंच आणि सावकाश जातो, तेवढ्यात मागचे तिघे सावरतात. हा पास टप्प्याचा किंवा छातीजवळून तडक हवा. तीन, आणि ही सगळ्यांत महागडी: मधला खेळाडू रिंगकडे पाठ करून बॉल घेतो, वळतो, मग बघतो. वळेपर्यंत चार विरुद्ध तीन संपलेलं असतं. बॉल हातात यायच्या आधीच त्याचा पुढचा पाय रिंगकडे वळलेला हवा.

प्रश्न (ठाणे): अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ग्रीनवर बंदी आली. पण चौथ्या सामन्यात पंचांनी फ्लॅग्रंट फाऊल दिलाच नव्हता. मग बंदी कशी?

उत्तर: एनबीएत फ्लॅग्रंट फाऊलचे गुण साठत जातात. फ्लॅग्रंट-१ म्हणजे अनावश्यक धक्का, त्याचा १ गुण. फ्लॅग्रंट-२ म्हणजे अनावश्यक आणि अतिरेकी, त्याचे २. साखळीनंतरच्या प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बाद मालिकांमध्ये, खात्यात चौथा गुण पडला की एका सामन्याची बंदी आपोआप लागते. ग्रीनचा एक गुण ह्यूस्टनविरुद्ध पडला होता. ओक्लाहोमा सिटीविरुद्ध स्टीव्हन ॲडम्सला लाथ लागली, त्याचे दोन. चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सशी झालेल्या झटापटीत त्याने हात मारला. मैदानावरच्या पंचांनी फ्लॅग्रंट दिला नाही, पण लीगचं कार्यालय चित्रण तपासून फाऊलचा दर्जा बदलू शकतं. तसा तो फ्लॅग्रंट-१ झाला आणि चौथा गुण भरला. लेब्रॉनलाही डिवचल्याबद्दल टेक्निकल (गैरवर्तनाचा) फाऊल लावला गेला, पण त्यावर बंदी नसते.

बंदी कठोर वाटली तरी नियमाला धरून होती. तीन गुण खात्यात असताना हाताचा वापर करणं ही ग्रीनची चूक होती.

प्रश्न (सोलापूर): ३-१ आघाडीवरून हरलेला अंतिम मालिकेतला हा पहिलाच संघ. नक्की कुठे बिघडलं? दडपण म्हणायचं का?

उत्तर: दडपण हे उत्तर सोपं आहे, पण त्यातून काही शिकता येत नाही. बिघाड तीन ठिकाणी झाला, आणि तो क्रमाने पाहता येतो.

आधी हा आकडा पाहा. साखळीत ८२ सामन्यांत ९ पराभव. प्ले-ऑफमध्ये २४ सामन्यांत पुन्हा ९. ह्यूस्टन आणि पोर्टलंडला ४-१ ने हरवलं, ओक्लाहोमा सिटीविरुद्ध १-३ ने मागे पडून ४-३, आणि शेवटी क्लीव्हलंडविरुद्ध ३-४. म्हणजे बिघाडाची सुरुवात अंतिम मालिकेच्या बरीच आधी झाली होती. साखळीत प्रतिस्पर्धी रोज बदलतो. मालिकेत तोच संघ जास्तीत जास्त सात वेळा समोर येतो, मधल्या दिवशी चित्रण पाहतो आणि तुमच्यातला सर्वांत कच्चा दुवा शोधून तिथेच घाव घालतो.

पहिली गोष्ट, करीचा गुडघा. ह्यूस्टनविरुद्ध पहिल्या सामन्यात घोटा दुखावला, चौथ्यात ओल्या जागेवर घसरून गुडघ्याचं अस्थिबंधन ताणलं. सहा सामने तो बसला. परत आल्यावर पोर्टलंडविरुद्ध जादा वेळेत त्याने १७ गुण केले, त्यामुळे तो पूर्ण बरा झाल्यासारखं वाटलं. पण बाजूला झटकन सरकून बचाव करणं वेगळं. क्लीव्हलंडने तेच हेरलं. करी ज्याला अडवत असेल त्यालाच स्क्रीनसाठी वर बोलवायचं, म्हणजे बचावपटूंची आपसात अदलाबदल होऊन करी कायरी अर्विंग किंवा लेब्रॉनसमोर येतो. हा उद्योग त्यांनी मालिकाभर केला.

दुसरी, रिंगखालची जागा रिकामी झाली. पाचव्या सामन्यात ग्रीन नव्हता. त्याच सामन्यात सेंटर अँड्र्यू बोगटचा गुडघा दुखावला आणि तो उरलेल्या मालिकेला मुकला. लेब्रॉन आणि अर्विंग दोघांनीही त्या रात्री ४१-४१ गुण केले, निकाल ११२-९७. वर सांगितलेल्या डावात ग्रीनची जागा घेणारा दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे करीला घेरणं क्लीव्हलंडला फुकटात पडू लागलं.

तिसरी गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. घेराव सुटल्यावर मोकळा शॉट ज्याच्याकडे जायचा तो हॅरिसन बार्न्स शेवटच्या तीन सामन्यांत ३२ पैकी ५ शॉट घालू शकला. क्लीव्हलंडने त्याला मोकळं सोडायचं ठरवलं आणि तो हिशेब बरोबर निघाला. तीन विरुद्ध चारचा फायदा त्या चौथ्याने शॉट घातला तरच फायदा असतो.

आणि क्लीव्हलंडचं श्रेय कमी करू नका. संपूर्ण मालिकेत दोन्ही संघांतल्या सगळ्या खेळाडूंमध्ये गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (बॉल हिसकावणं) आणि ब्लॉक (शॉट अडवणं) या पाचही बाबतींत लेब्रॉन पहिला होता.

प्रश्न (फ्रिमाँट, कॅलिफोर्निया): ७३ च्या विक्रमामागे धावल्यामुळे संघ दमला, असं इथे अजूनही म्हणतात. तुमचं मत? आणि पुढच्याच हंगामात ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरँट वॉरियर्सच्या पगारमर्यादेत कसा बसला?

उत्तर: थोडं खरं, पण मुख्य कारण नाही. ५ एप्रिलला मिनेसोटाकडून हरल्यावर वॉरियर्स ६९-९ वर होते. विक्रमासाठी उरलेले चारही सामने जिंकणं भाग होतं. त्यात मेम्फिसविरुद्धचा १००-९९ आणि सॅन अँटोनियोला त्यांच्याच घरी हरवलेला ९२-८६ हे सामने घाम काढणारे होते. त्या दिवसापर्यंत सॅन अँटोनियो हंगामात घरी हरलाच नव्हता. शेवटच्या चारांत मुख्य खेळाडूंना विश्रांती देता आली असती, हे खरं. पण करीची हंगामाची सरासरी सामन्याला ३४.२ मिनिटं होती, सामना ४८ मिनिटांचा असतो. ही फार मोठी मेहनत नाही. आणि ओल्या जागेवर पाय घसरणं विश्रांतीने टळत नाही.

ड्युरँटचं गणित पैशाचं आहे. लीगचा दूरचित्रवाणीचा नवा करार लागू झाला आणि संघाची पगारमर्यादा एका उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४१ कोटींवर गेली. करी तेव्हा जुन्या करारावर होता. २०१५-१६ मध्ये त्याला सुमारे १.१४ कोटी मिळत होते, जे त्याच्या दर्जाला फारच कमी. तरीही जागा करावी लागली. बोगटला डॅलसला दिलं आणि बार्न्सवरचा हक्क सोडला. तोही डॅलसलाच गेला. ड्युरँटने ४ जुलै २०१६ ला निर्णय जाहीर केला. पुढच्या वर्षी प्ले-ऑफमध्ये १६ विजय, १ पराभव आणि चषक.

तुम्ही बे एरियातले (सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरातले) आहात म्हणून एक जोड: २०१० मध्ये हा संघ विकत घेणाऱ्या गटात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे होते. २०१३ मध्ये ते सॅक्रमेंटो किंग्जकडे गेले, आणि त्याच किंग्जने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीत इंडियाना पेसर्सविरुद्ध एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने खेळले.

प्रश्न (कोल्हापूर): मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर सुरुवातीला संघाबरोबर नव्हते, तरी सगळे विजय त्यांच्या नावावर कसे?

उत्तर: पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासामुळे कर पहिले ४३ सामने बाकावर नव्हते. सहायक ल्यूक वॉल्टन यांनी संघ सांभाळला आणि ३९-४ अशी कामगिरी केली. पण मुख्य प्रशिक्षक पदावर कायम असेल तर हंगामी प्रशिक्षकाचे विजय मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यात जमा होतात.

प्रश्न (रत्नागिरी): सातवा सामना आता पुन्हा पाहायचा आहे. थेट पाहता आला नव्हता. शेवटच्या टप्प्यात कुठे लक्ष ठेवू?

उत्तर: थेट प्रक्षेपण आपल्याकडे सोमवारी, २० जून २०१६ ला पहाटे साडेपाचला सुरू झालं होतं, त्यामुळे बऱ्याच जणांचा तो सुटला. चौथ्या क्वार्टरची शेवटची सहा मिनिटं लावा आणि बॉलकडे न बघता बचावपटूंच्या अदलाबदलीकडे बघा.

वॉरियर्स ८७-८३ ने पुढे असताना बोगटच्या जागी खेळणारा फेस्टस इझिली लेब्रॉनसमोर येतो. लेब्रॉन थ्री मारत असताना इझिलीचा फाऊल होतो, लेब्रॉन तीन फ्री थ्रो घालतो. थोड्याच वेळात इझिलीसमोरच तो थ्री घालतो, ८९-८७. थॉम्पसन बरोबरी साधतो तेव्हा घड्याळात ४ मिनिटं ३९ सेकंद उरलेले असतात. त्यानंतर जवळपास पावणेचार मिनिटं कुणाचाच गुण होत नाही. इथे दोन्ही संघांचे पाय बघा. शॉट आखूड पडताना दिसतील. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना इगुडालाचा ले-अप लेब्रॉन मागून धावत येऊन बोर्डवर अडवतो. तो धावायला कुठून सुरुवात करतो ते बघण्यासाठी चित्रण दहा सेकंद मागे घ्या.

मग ५३ सेकंद उरले असतानाचा शॉट. अर्विंगवर थॉम्पसन आहे, जे.आर. स्मिथवर करी. स्मिथ वर येऊन स्क्रीन लावतो, अदलाबदल होते, करी अर्विंगसमोर येतो आणि अर्विंग त्याच्या डोक्यावरून उजव्या बाजूने थ्री घालतो, ९२-८९. लगेच पुढचा वॉरियर्सचा हल्ला बघा: आता त्यांनी तोच डाव उलटा लावलाय आणि उंच, तुलनेने संथ केव्हिन लव्ह करीसमोर आलाय. करी दोनदा हुलकावणी देतो, लव्ह हटत नाही, थ्री हुकतो. लव्हचे हात आणि पाय कुठे आहेत ते थांबवून पाहा: वजन खाली, हात वर, आणि एकदाही हुलकावणीला उडी नाही. मोठ्या खेळाडूंना बाहेरचा बचाव शिकवायला याहून चांगला अर्ध्या मिनिटाचा तुकडा मिळणं अवघड आहे. अंतिम निकाल ९३-८९.